सुटतं, पण समजत नाही

‘समजलं का?’ या प्रश्नाला सर्वसाधारण माणसाकडे दोन उत्तरं असतात. आमच्या भाचेबुवांकडे तिसरं आहे. ते आधी छताकडे बघतात, मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसतात आणि म्हणतात, ‘‘म्हणजे... सुटतं.’’

सुटतं म्हणजे गणित सुटतं. पुस्तकाच्या मागे छापलंय तेच उत्तर येतं. छापलेलं चुकीचं असेल तर तेही सापडतं. परीक्षेत मार्क पडतात. पण एवढ्यावर ज्याचं भागतं तो सैद्धांतिक भौतिकीचा विद्यार्थी कसला! त्याच्या चुलतभावाने सीए केलं. रात्री साडेअकराला उठून ‘डेबिट म्हणजे मूलतः काय?’ असं त्याने कधी कुणाला विचारल्याचं ऐकिवात नाही, आणि आज तो कोथरूडला थ्री बीएचकेत राहतो. आमचा मात्र एम.एस्सी.साठी सांगलीहून आमच्याकडे औंधला राहायला आला तो पहिल्याच आठवड्यात ताटावर बसून म्हणाला, ‘‘मामी, वस्तुमान म्हणजे काय ते मला अकरावीत समजलं होतं. आता समजत नाही.’’ मामीने गरम पोळी वाढली. तिच्याकडे बहुतेक प्रश्नांना हे एकच उत्तर असतं आणि ते सहसा बरोबर येतं.

ही जात पुण्यात ठरावीक ठिकाणी दिसते. विद्यापीठात झाडाखालच्या कट्ट्यावर, आयुकातल्या फूकोच्या लंबकापाशी, पाषाणला आयसरच्या आसपास चहाच्या टपरीवर. चेन तुटलेली सॅक, पायात पावसाळी सँडल बारा महिने. खिशात पेन हमखास, कागद कधीच नाही. त्यामुळे आमच्या घरात पाठ कोरी असलेली वस्तू टिकत नाही. लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, वाण्याची यादी, सगळ्यांवर वर-खाली खुणा असलेली अक्षरं. एकदा लाइट बिल सापडेना. सापडलं तेव्हा त्याच्या मागे आकडेमोड होती आणि शेवटी लिहिलं होतं, ‘हे शून्य यायला हवं.’ मी बिल उलटून पाहिलं. तिकडे शून्य आलेलं नव्हतं.

तो या वाटेला लागला त्याला आमची ताई जबाबदार. सातवीत असताना तिने त्याला नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ आणून दिलं. मराठी घरांत हे असंच होतं. मुलगा ते वाचतो, मग ‘आकाशाशी जडले नाते’ वाचतो, मग गच्चीवर जायला दुर्बीण मागतो आणि आईला वाटायला लागतं की दुसरे नारळीकर आपल्याच घरात वाढतायत. नारळीकर केंब्रिजला रँग्लर झाले, हॉइलांबरोबर त्यांनी सिद्धांत मांडला, पुढे १९८८ मध्ये आयुका उभी केली, हे ताईला पाठ आहे. मधल्या वर्षांत हे लोक दिवसभर काय करतात ते तिने कधी विचारलं नाही. मी आता सांगू शकतो. मायनस शोधतात.

मायनस हरवला की घराला सुतक लागतं. आंघोळ लांबते, जेवताना हात भाताच्या वर हवेत थांबतो. कुठेतरी, पानांच्या कुठल्यातरी थप्पीत, एक उणे चिन्ह निसटलंय आणि त्यामुळे सगळं विश्व आकर्षणाऐवजी प्रतिकर्षण करतंय. त्यात या लोकांत दोन पंथ. एकाच्या पुस्तकात काळाला अधिक चिन्ह आणि अवकाशाला उणे. दुसऱ्याच्या पुस्तकात बरोबर उलटं. कणवाले बहुतेक एका पंथाचे, गुरुत्वाकर्षणवाले बहुतेक दुसऱ्या, आणि आमचा दोन्हीकडची पुस्तकं उघडून मध्ये बसलेला. मामीला मी तिच्या भाषेत सांगितलं. तिचं माहेर रत्नागिरीचं, टिळक पंचांगवालं, आमच्याकडे दाते. एखाद्या वर्षी अधिक महिना असा येतो की तिच्या माहेरचे गणपती आमच्या आधी महिनाभर बसून उठतात. मामी म्हणाली, ‘‘मग दोन्हीकडचे करायचे. आम्ही नाही का मोदक दोनदा करत?’’ आतून आवाज आला, ‘‘मामी, दोनदा केलं की मायनसचा प्लस होतो.’’

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. आमच्यात पाणी क्युसेकमध्ये, गुरुत्वत्वरण ९.८१, आणि गुत्तेदाराशी बोलताना १० धरलं तरी धरण पडत नाही. अशा माणसाला हा मुलगा एके दिवशी सहज सांगतो की त्याच्या वहीत प्रकाशाचा वेग एक आहे. एक काय? नुसता एक. सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर ही संख्या आम्ही स्तोत्रासारखी म्हटलेली, ती याने खोडून तिथे एक लिहिला. प्लँकचा स्थिरांकही एक. मी विचारलं, ‘‘अरे, मग वेग आहे की वजन आहे हे कळायचं कसं?’’ तर म्हणे, ‘‘मामा, एककं शेवटी परत घालायची.’’ तो शेवट मी अद्याप पाहिलेला नाही.

‘सहज’ हा शब्द मात्र घरात जपून वापरावा लागतो. लँडाउ आणि लिफशिट्झ यांच्या जाडजूड ग्रंथात कुठेतरी ‘यावरून सहज दिसून येतं’ असं असतं, आणि ते सहज दिसून येईपर्यंत आमच्याकडे टीव्हीचा आवाज बंद ठेवतात. या लँडाउसाहेबांनी सोव्हिएत संघात आपल्याकडे यायला इच्छुक मुलांसाठी एक परीक्षा ठेवली होती. ती तीनेक दशकांत जेमतेम ४३ जण पास झाले. हा आकडा भाचेबुवा महिन्यातून एकदा तरी सांगतात. स्वतःला कमी लेखायला माणसाने रशियापर्यंत जावं, याचं मला कौतुक वाटतं.

तो घुमा आहे असं मात्र समजू नका. कुणी आस्थेने विचारलं तर तो फार सुंदर समजावतो, आणि तिथेच घोटाळा होतो. आमच्या पुतणीला बघायला मंडळी आली होती. पोह्यांच्या बशा फिरल्या. मुलाच्या काकांनी बोलायचं म्हणून याला विचारलं, ‘‘आपण काय करता?’’ याने सांगितलं, सध्या इलेक्ट्रॉनचा स्पिन समजतो का ते बघतोय. काका म्हणाले, म्हणजे? झालं. याने पोह्यांची बशी तळहातावर घेतली आणि ती सरळच ठेवून बगलेखालून एक पूर्ण फेरी फिरवली. बशी होती तशी, पण हात पिळून कोपर वर. ‘‘बघा, ३६० अंश झाले, पण आपण मूळ जागी आलेलो नाही.’’ मग तीच बशी डोक्यावरून त्याच दिशेने आणखी एक फेरी. हात सुटून सरळ. ‘‘आता ७२० झाले. आता आलो. इलेक्ट्रॉनचं असंच आहे.’’ एक शेंगदाणा सांडला नाही. पाहुण्यांतला नवरा मुलगा उठला, त्यानेही बशी घेतली, मग त्याचा धाकटा भाऊ, मग काका. आमच्या हॉलमध्ये चार माणसं कोपरं वर करून उभी. लग्न जमलं, घर खेळकर वाटलं, असा निरोप आला. पण टाळ्या थांबल्यावर हा कोपऱ्यात जाऊन बसला होता. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाला, ‘‘मामा, मला हात आहे म्हणून पीळ मोजता आला. इलेक्ट्रॉनला हात नाही. तो कशाने मोजतो?’’

वाढदिवस हा त्याचा वर्षातला सर्वांत वाईट दिवस. तो चोवीस वर्षांचा झाला तेव्हा मामीने श्रीखंड केलं होतं. वाटीकडे बघत तो म्हणाला, ‘‘हायझेनबर्गचं वय गेलं.’’ हायझेनबर्गला १९२५ मध्ये परागज्वर झाला, म्हणून तो हेलिगोलँड बेटावर गेला आणि तिथे त्याला क्वांटम यांत्रिकी सुचली, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पुढे पंचवीस वर्षांच्या डिरॅकचं वय गेलं, मग सव्वीस वर्षांच्या आइन्स्टाइनचं. मला हे बघवेना. मी नातवाच्या विश्वकोशात शोधून त्याला म्हातारे काढून दिले: श्रोडिंगर समीकरण मांडताना अडतीसचा होता, प्लँक तर १९०० साली बेचाळीस. तेव्हापासून चेहरा जरा बरा आहे. बेचाळीसपर्यंत मुदतवाढ मिळाली.

नेट झालं, जेस्ट झाली, मुलाखती झाल्या, एका चांगल्या संस्थेत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. ताईने सांगलीत गणपतीला अभिषेक केला. आणि नेमका त्या दिवसापासून याचा खरा प्रश्न सुरू झाला: पीएच.डी. करावी की करू नये? प्रवेश मिळेपर्यंत ही शंका नव्हती. दार उघडल्यावर उंबऱ्यावर उभं राहून ‘मूलतः आत येणं म्हणजे काय’ हा विचार करणं, हा या मंडळींचा पिंड.

एका वहीत दोन रकाने आहेत. ‘करू नये’ या बाजूला लिहिलंय की फ्रीमन डायसनने पीएच.डी. केलीच नाही, सत्येंद्रनाथ बोस यांच्याकडेही नव्हती. मी म्हटलं, ‘‘अरे, बोसांनी १९२४ साली थेट आइन्स्टाइनला लेख पाठवला होता, आणि आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापून आणला.’’ तर म्हणाला, ‘‘तेच. आता तेवढं कोण करणार?’’ आणि तेही त्याच रकान्यात लिहून टाकलं. ‘करावी’च्या बाजूला बरेच दिवस काही नव्हतं. मग एक नोंद दिसली: ‘दुसरं काही येत नाही.’

नातेवाईक आपापल्या परीने भर घालतात. जेआरएफच्या विद्यावृत्तीचे महिना ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००, आणि येतात तेव्हा तीन-चार महिन्यांचे एकदम येतात, हे ऐकून हिंजवडीवाला मित्र गंभीर होतो. तो गंभीर झालेला बघून हा गंभीर होतो. पुतणीचे हिंगोलीचे व्याही भेटले की हटकून सांगतात, ‘‘आमच्या औंढ्याजवळ ते ब्लॅकहोलचं मशीन येतंय. २,६०० कोटी मंजूर झालेत. चार-चार किलोमीटरच्या नळ्या. तुमचा ओळखीने चिकटत असेल तर बघा.’’ ते म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोचं यंत्र. हा नम्रपणे सांगतो की आपण थिअरीतले, आपल्याला यंत्राजवळ येऊ देत नाहीत. आणि ते खरं आहे. त्याने एकदा मामीचा मिक्सर सुरू केला तर अख्ख्या मजल्याचे दिवे गेले. मामी ओरडली; हा मात्र खुशीत. पाउली नावाच्या थोर शास्त्रज्ञाच्या नुसत्या येण्याने प्रयोगशाळेतली उपकरणं बिघडत असत, ऑटो स्टर्नने तर त्याला आपल्या प्रयोगशाळेत यायला बंदीच केली होती, ही कथा त्याने अंधारातच सांगितली. स्वतःच्या लायकीचा इतका भक्कम पुरावा त्याला दुसऱ्या कशातून मिळाला नव्हता.

मध्ये एकदा ठरलंच होतं. पीएच.डी. सोडायची आणि डेटा सायन्सला जायचं. सगळे थिअरीवाले शेवटी तिकडेच जातात म्हणे. पैसे भरून ऑनलाइन कोर्स घेतला. पहिल्या धड्यात शिक्षकाने नाणेफेक दाखवली आणि सांगितलं, छाप पडण्याची संभाव्यता अर्धी. आमच्या बुवांनी व्हिडिओ थांबवला. अर्धी म्हणजे काय? एकच नाणं एकदाच उडवलं तर अर्धं काय असतं? ते नाण्यात असतं की बघणाऱ्याच्या अज्ञानात? कोर्सची मुदत संपली तेव्हा तो पहिल्या धड्यावरच होता, आणि बेझवाले बरोबर की वारंवारितावाले, यावर त्याचं कुणाशीतरी फोनवर कडाक्याचं भांडण चालू होतं.

धीर द्यायला म्हणून मी त्याला हायझेनबर्गचीच दुसरी गोष्ट सांगितली. १९२३ मध्ये म्युनिकला डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत वीनसाहेबांनी त्याला सूक्ष्मदर्शकाबद्दल विचारलं, आलं नाही. बॅटरी कशी चालते ते विचारलं, तेही आलं नाही. कसाबसा पास झाला. म्हटलं, बघ, असंही असतं. तो विचारात पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत खुडबुड ऐकू आली. जाऊन बघतो तर हा इन्व्हर्टरच्या बॅटरीसमोर मांडी घालून बसलेला. ‘‘मामा, मलाही येत नाही.’’ मामीने आतून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणून दिला. ‘‘बसलाच आहेस तर एवढं घाल. पण कशाला हात लावू नकोस.’’

आता, याला काहीतरी समजताना मी पाहिलंय, हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर अन्याय होईल.

पावसाळी संध्याकाळ होती, गाळणी फाटली होती, कपात चहाची पत्ती उतरली होती. हा चमच्याने ढवळत बसला. थांबला. मग म्हणाला, ‘‘एक साधा प्रश्न विचारू?’’ त्याचा साधा प्रश्न आला की मी पेपर घडी करून बाजूला ठेवतो. ‘‘चहा गोल फिरवला. पत्ती जड, बुडाशी बसलेली. ती बाहेर कडेला फेकली जायला हवी. मग ती मध्ये का गोळा होते?’’

मी म्हटलं, यात काय? नदीचंही तसंच असतं. वळणावर पाणी बाहेरचा काठ कापतं आणि गाळ आतल्या काठाला टाकतं. म्हणून कालव्याचं तोंड बाहेरच्या अंगाला घेतात, म्हणजे गाळ कमी शिरतो. पहिल्या पोस्टिंगला आमच्या मिस्त्रीने मला हे कृष्णेच्या काठावर उभं करून दाखवलं होतं.

‘‘पण का?’’

‘‘खात्यात असं विचारत नाहीत. मॅन्युअलमध्ये आहे.’’

तो उठून फेऱ्या मारायला लागला. चहा निवला. मामीने दुसरा केला, त्यातही पत्ती आली. त्याने तोही ढवळला. बऱ्याच वेळाने माझ्यासमोर येऊन बसला आणि या खेपेला चष्मा पुसला नाही. म्हणाला, ‘‘मामा, फिरणारं पाणी कडेला चढतं, मध्ये उतरतं. म्हणजे कडेकडून आत ढकलणारा दाब आहे. वरचं पाणी वेगात फिरतंय, ते बाहेर जायला बघतं आणि दाबाशी तोल राखतं. पण तळाचं पाणी बुडाला घासतंय. ते मंद आहे, त्याला तोल राखता येत नाही. मग दाब त्याला आत ढकलतो आणि जाताना ते पत्ती ओढून नेतं. तुमच्या नदीतही तळाचं पाणी आतल्या काठाकडे जात असणार, गाळ घेऊन.’’

मी आयुष्यभर कालव्यांची तोंडं बाहेरच्या अंगाला ठेवली. त्यामागे बुडाशी असं काही चालू असतं हे मला त्या दिवशी कळलं, तेही फाटक्या गाळणीमुळे. आता सांगलीला गेलो की कृष्णेच्या वळणाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. ताईला वाटतं, माझे गुडघे दुखतायत म्हणून थांबलो.

त्याने रात्री शोधलं तर हेच सगळं, चहाची पत्ती आणि नदीचं वळण दोन्ही, आइन्स्टाइनने १९२६ मध्ये लिहून ठेवलेलं निघालं. मला वाटलं आता हा पुन्हा कोसळणार. ‘‘शंभर वर्षं उशीर झाला,’’ असं म्हणाला खरा. पण त्या रात्री दहाला झोपला आणि सकाळी मामीला नवी गाळणी आणून दिली.

सध्या पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू आहे. विषय कृष्णविवराची एंट्रॉपी. ती त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने वाढते, आकारमानाच्या हिशेबाने नाही, हे बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांनी १९७०च्या दशकात दाखवलं. पोत्यात धान्य किती मावतं हे पोत्याच्या कापडावरून ठरावं, यातलं विचित्रपण मलाही कळतं. त्याला ते झोपू देत नाही.

गेल्या महिन्यात फोन आला. आवाज शांत होता, म्हणजे प्रकरण गंभीर. ‘‘मामा, झालं. पत्र लिहिलंय. गाइड मॅडमना उद्या देतो. इंग्रजी एकदा बघाल?’’ रविवारी पत्र घेऊन आला. सुरुवात रीतसर होती. आदरणीय मॅडम, फार विचारांती मी पीएच.डी. सोडण्याचा निर्णय घेत आहे, कारण ज्या विषयावर मी काम करतो तोच मला समजलेला नाही. दुसऱ्या परिच्छेदात, काय समजलं नाही ते नेमकं सांगायला हवं म्हणून, थोडी पार्श्वभूमी. तिसऱ्यात एक समीकरण. मग, वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून, ते समीकरण येतं कुठून ते. पान तीनवर आकृती. पान पाचवर ‘यावरून सहज दिसून येतं’ असं स्वतः याने लिहिलेलं. पत्र अकरा पानांचं होतं, आणि राजीनाम्याचा उल्लेख दुसऱ्या परिच्छेदानंतर कुठेही नव्हता. मी दोन स्पेलिंगं दुरुस्त केली.

मॅडमनी ते आठवडाभर ठेवून घेतलं. परत दिलं तेव्हा पहिल्या पानावर काहीच नव्हतं. चौथ्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘इथलं चिन्ह तपास. बाकीचं मंगळवारी बोलू.’

तो चिन्ह तपासतोय. त्यामुळे राजीनामा लांबणीवर पडला आहे.